मुदतीआधी काढलेली ठेव

१२ जानेवारी

मुख्य लेखाधिकारी बाईसाहेब,

तुम्ही फोन उचलत नाही. तीनदा केला. चौथ्यांदा तुमच्या कार्यालयात केला, तर तुमच्या कारकुनानं विचारलं, "कामाचं स्वरूप?" म्हटलं, सख्खा भाऊ आहे. तो म्हणाला, "मग लिहून पाठवा." म्हणून लिहितोय.

कानावर आलंय की पाणीयोजनेच्या शिलकी पैशासाठी तू चार बँकांकडून व्याजाचे दर मागवलेस आणि त्या चारांत बाबांची बँक नाही. नगरपालिकेचे बारा कोटी गेली तीन वर्षं आमच्याकडे मुदत ठेवीत आहेत. दर ३१ मार्चला मुदत संपते आणि तुझ्या आधीचे साहेब चहा पिऊन, सही करून, ठेव पुढं चालू करून जायचे. तुला त्या खुर्चीत बसून तीन महिने झाले नाहीत, तोच आमच्या बँकेचा वास यायला लागला?

लाकडाच्या वखारीत एक टेबल आणि एक ट्रंक मांडून बाबांनी ही बँक काढली. तुझ्या कॉलेजची फी त्याच टेबलावरून गेली. आज मी तिथं अध्यक्ष आहे तो काही मोठेपणा मिरवायला नाही. गावातल्या साठ दुकानांना आम्ही कर्ज देतो. मोठ्या बँका गावाचा पैसा घेतात आणि दुसरीकडे नेऊन ओततात. गावाचा पैसा गावात फिरू दे, एवढंच मागणं आहे. व्याजही अर्धा टक्का जास्त देतो. आता यात तुझं काय दुखतं ते कळव.

लहानपणी आम्ही तुला तराजू म्हणायचो. बाबा कौतुकानं म्हणायचे. मी नाही.

तुझा भाऊ (अजून तरी)


१६ जानेवारी

दादा,

फोन उचलत नाही, कारण फोनवर बोललेलं तू नंतर नाकारतोस. बाबांच्या आजारपणात दोनदा अनुभव घेतलाय. कागद बरा.

दर चार नाही, सात बँकांकडून मागवलेत. तुझ्या बँकेला दिलेलं पत्र २ जानेवारीला तुझ्याच शिपायानं सही करून घेतलंय. टेबलावरच्या कुठल्या ढिगाखाली गेलं ते बघ. गावगप्पांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसानं बँक चालवू नये.

दुसरं. रुजू झाले त्याच दिवशी मी लिहून दिलं, की या बँकेचा अध्यक्ष माझा भाऊ आहे, तेव्हा तिथं पैसे ठेवायचे की नाही हे मी ठरवणार नाही. ते तिघांची समिती ठरवते. मी फक्त कागद पुरे आहेत का ते बघते. आणि तुझे पुरे नाहीत.

आमचा नियम लहान पोरालाही कळेल. लोकांचा पैसा आधी परत आला पाहिजे. मग हव्या त्या दिवशी परत आला पाहिजे. हे दोन्ही जमलं तर व्याजाचं बोलायचं. मे महिन्यात नळ टाकणाऱ्या कंत्राटदाराचं नऊ कोटींचं बिल येणार आहे. टेकडीखालची वस्ती गेली चार वर्षं टँकरवर आहे. त्यांना मी अर्धा टक्का पाजू का?

एका बँकेत एकूण शिलकीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त ठेवायचं नाही. शिल्लक चाळीस कोटी, म्हणजे दहा. तुझ्याकडे बारा आहेत. आधीच्या साहेबांचा चहा फार गोड असावा. शिवाय विम्याच्या मर्यादेवर जेवढी रक्कम जाते, तेवढ्या किमतीचे सरकारी रोखे बँकेनं आमच्या नावे तारण ठेवायचे असतात. उद्या बँक बसली तर रोखे विकून नगरपालिकेचे पैसे सुटतात. तुझ्या बँकेनं दिलेली रोख्यांची यादी अकरा महिन्यांपूर्वीची आहे, आणि तिच्यातल्या दोन रोख्यांची मुदत केव्हाच संपली. ताजी यादी १५ फेब्रुवारीपर्यंत पाठव. रोखे सांभाळणाऱ्या संस्थेच्या शिक्क्यासह.

फी बाबांनी भरली होती, बँकेनं नाही. तेवढा फरक तुला कळत असता तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

बहीण


२ फेब्रुवारी

तराजूबाई,

यादी छापायला टाकलीय, येईल. अकरा महिन्यांची यादी म्हणजे काही नासलेलं दूध नव्हे.

तोवर एक सांगतो. काल नगराध्यक्षांना भेटलो. चांगला माणूस आहे. म्हणाले, "तुमच्या बहिणीला नियम तोंडपाठ आहेत, पण गाव ठाऊक नाही." मी म्हटलं, साहेब, तिला घरही ठाऊक नाही.

आईला तू शेवटचं कधी भेटलीस? माझ्या घरापासून तुझं घर वीस मिनिटांवर आहे. ती गेल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरली. काही मोडलं नाही, पण दोन दिवस भिंत धरून चालत होती. तुझी वहिनी तिला धरून नेत-आणत होती. तू तेव्हा कुठल्या तरी बँकेच्या यादीतल्या चुका शोधत असशील.

आणि ऐक. आईची सगळी पुंजी, बाबांच्या मागं मिळालेले नऊ लाख, माझ्याच बँकेत आहेत. तिनं आजवर तारणाची यादी मागितली नाही. पोटच्या पोरावर विश्वास ठेवायला शिक्का लागत नाही.

व्याज आणखी अर्धा टक्का वाढवून नवं दरपत्रक समितीकडे दिलंय. आता बाजारात आमच्याएवढं कोणी देत नाही. बघू तुझी समिती बारा लाखांवर कशी लाथ मारते.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या चांगल्या माणसानं आज मला दालनात बोलावलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्या कोणाकडून मीठमसाला लावून ऐकायला नको.

ते म्हणाले, "बाई, घरचं भांडण नगरपालिकेत कशाला आणता?"

मी म्हटलं, "घरचं असतं तर घरीच भांडले असते, साहेब. इथं पगार भांडायचा मिळत नाही."

"अहो, एक टक्का जास्त मिळतोय. बारा लाख! एक शाळा रंगवून होईल."

"आणि बारा कोटी अडकले तर?"

"अडकतील कसे? तुमच्या वडिलांनी उभी केलेली बँक आहे."

"वडील गेले, साहेब. त्यांच्या नावावर कंत्राटदार बिल सोडणार नाही."

मग मी कोरा कागद पुढं सरकवला. म्हटलं, तारणाची यादी नसताना ठेव चालू ठेवा असं लिहून सही द्या, मी लगेच पाळते. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाले, "असू दे. समितीला बघू दे." कागद कोराच परत आला.

व्याजाबद्दल. सगळ्यांपेक्षा जास्त देतो म्हणून पैसे मागत फिरणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर त्याला दुसरीकडून कोणी देत नसतं. तू मूर्ख नाहीस. म्हणून मला भीती वाटते.

यादीला सहा दिवस राहिले. सरकारी रोख्यांची यादी छापायला टाकत नाहीत, ती एका दिवसात मागवता येते.

आई घसरली हे मला तुझ्या पत्रातून, चार दिवसांनी, टोमण्यासारखं कळलं. तेवढं तरी साधं सांगायचंस.

बहीण


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

चिडू नकोस. आज भांडायला बसलो नाही. दार लावून लिहितोय.

यादी येणार नाही. रोखे नाहीत.

ऑक्टोबरात विकले. बसगाड्यांचे सांगाडे बांधणारा तो कारखानदार आठवतो ना, बाबांना काका म्हणायचा? त्याला आम्ही चौदा कोटी दिले होते. एकदम नाही, थोडेथोडे करत. दर वेळी तो म्हणायचा, एवढे द्या म्हणजे मागचे फिटतील. दर वेळी मी दिले. आता कारखान्याला कुलूप आहे आणि तो कुठे आहे ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही. ऑक्टोबरात ठेवीदारांना द्यायला पैसे कमी पडायला लागले तेव्हा तुमच्या नावचे रोखे मी सोडवून घेतले आणि विकले. सोडवायच्या कागदावर आधीच्या साहेबांची सही आहे. त्यांनी वाचलंही नसेल.

कोणाला कळलं नाही. अजूनही कळायची गरज नाही. मला सहा महिने दे. कारखान्याची जागा विकायला काढलीय, गिऱ्हाईक आहे. तोवर बारा कोटी हलवू नकोस. तुमची ठेव निघाली की माझ्या हातात काही उरत नाही. मग बँक बसेल, आणि बँकेत कोण आहे ते तुला माहीत आहे. शिंपीण आहे, रद्दीवाला आहे, शाळेतले निवृत्त मास्तर आहेत. आई आहे.

समितीला सांग, यादी मिळाली, तपासतेय. एवढंच. खोटं बोल म्हणत नाही, वेळ काढ म्हणतोय.

आयुष्यात तुझ्यापुढं पहिल्यांदा हात पसरलाय. घरातली म्हणून लिहिलं. वाचून फाडून टाक.

दादा


२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र फाडलं नाही. आवक क्रमांक घालून फाइलला लावलं. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना आणि एक बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाला आज दुपारी पाठवली.

ठेव मुदतीआधी काढायची का, हे समिती सोमवारी ठरवेल. काय ठरेल ते तुला कळतंय.

तुझ्या हातात थोडे दिवस आहेत. स्वतः देखरेख कार्यालयात जा. दरवाजे बंद करून घे, म्हणजे जे उरलंय ते सगळ्यांना सारखं वाटलं जाईल. मला हे कोणाला सांगता येत नाही. तुला येतं.

बहीण


११ मार्च

तुला काय म्हणून हाक मारू ते सुचत नाही, म्हणून नुसतंच लिहितो.

४ मार्चला तुमचा माणूस आला आणि बारा कोटींचा धनादेश घेऊन गेला. मी दिला. नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी बोंब झाली असती. होतं नव्हतं ते झाडून दिलं. बारा कोटी काही माझ्या खिशातले नव्हते. ते शिंपिणीचे होते, मास्तरांचे होते. तुझ्या नगरपालिकेनं ते पहिल्या नंबरला उभं राहून उचलले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता वीस माणसं दारात. बारा वाजता रांग बसथांब्यापर्यंत. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी छत्र्या. रद्दीवाला काउंटरच्या काचेवर पासबुक आपटत होता, "माझं नाव वाचा, माझं नाव वाचा." सातव्या तारखेला देखरेखवाले आले आणि दारावर कागद लागला. माणशी पाच हजार. बाकीचं पुढं बघू.

आता ऐक. सहा तारखेला त्या रांगेत आई उभी होती. मला न सांगता आली होती. हातात टोकन, नंबर एकशे चाळीस. मी आतून काचेतून पाहिलं. शिपाई म्हणाला, "आजीबाईंना आत घेऊ का?" मी म्हटलं, घे. ती आली नाही. रांग सोडली नाही. तिचा नंबर लागायच्या आधी खिडकी बंद झाली.

तुला २६ तारखेला कळलं होतं. सत्तावीस, अठ्ठावीस, एक, दोन, तीन, चार. सहा दिवस! एक फोन. "आई, तुझे पैसे काढून घे." एवढे शब्द. नगरपालिकेच्या बारा कोटींसाठी धावलीस आणि जन्म दिलेल्या बाईचे नऊ लाख बुडू दिलेस. हा कुठला नियम? कुठल्या पानावर आहे? शिक्का असेल तर पाठव, फ्रेम करून लावतो.

चोर मी आहे, मान्य. पण मी तुझ्याएवढा थंड नाही.


२० मार्च

दादा,

उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण पहिली तीन पत्रं मीच फाडली.

हो, मला माहीत होतं. आणि मी सांगितलं नाही.

१ मार्चला, रविवारी, मी आईकडे गेले होते. तू घरी नव्हतास. ती खिडकीपाशी वाटाणे सोलत होती. मीही सोलायला बसले. तासभर. ती म्हणाली, "आज इतक्या दिवसांनी कशी आलीस? काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही, सहज." टोपलीतले वाटाणे संपले आणि मी उठले.

मला जे कळलं होतं ते खुर्चीमुळं कळलं होतं. मी आईला सांगितलं असतं तर माझ्या कारकुनानं त्याच्या सासऱ्याला सांगितलं असतं. त्याला कुठल्या तोंडानं अडवलं असतं? मुख्याधिकाऱ्यांनी त्यांच्या भावाला सांगितलं असतं. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांचे पैसे निघाले असते आणि रांगेत उरली असती ती माणसं, ज्यांचं कार्यालयात कोणी नाही. मग आईचे नऊ लाख त्यांच्याच खिशातून निघाले असते.

पण तू बारा कोटींबद्दल लिहिलंस ते मला टोचलंय. तू काही खोटं लिहिलं नाहीस. नगरपालिका पहिल्या नंबरला उभी होती. मी देखरेख कार्यालयाला २७ तारखेला लिहिलं. त्यांना यायला आठ दिवस लागले. मधल्या काळात आम्ही आमचे काढले. टेकडीखाली पाणी येईल, ते त्या पैशातून येईल. हे मी स्वतःला रोज सांगते. रोज पटत नाही.

आता माझा हिशेब. सहा दिवस माझ्याकडे होते, तर ऑक्टोबरपासून तुझ्याकडे पाच महिने होते. आई तुझ्या घरात, तुझ्या हाताशी. तुला नियमही नाही आणि खुर्चीही नाही आडवी आली. तू तिला तरी सांगितलंस? तिलाही आशेवर ठेवलंस, कारण तिनं काढले असते तर लोकांनी पाहिलं असतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

आता पत्र लिहू नकोस. चौकशी अधिकाऱ्याला लिही.


२ एप्रिल

तुम्हा दोघांना,

हे पत्र मी दोनदा लिहिलंय. एक त्याला, एक तिला. एका शब्दाचाही फरक नाही. विश्वास नसेल तर ताडून बघा, त्या निमित्तानं समोरासमोर बसाल.

तुमची पत्रं मी वाचली. मला कोणी दाखवली नाहीत. तिनं पाठवलेली त्याच्या टेबलाच्या खणात होती; त्यानं काय लिहिलं ते त्यांतूनच कळलं. कुलूप नव्हतं. त्याला कुलपं लावायची सवय नाही, हे आता साऱ्या गावाला कळलंय.

आधी मुला, तू. तुझी बहीण लिहिते, तू आईला सांगितलं नाहीस. ते खोटं आहे, आणि तू ते खोडलं नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. २८ फेब्रुवारीला दुपारी तू बँकेतून मधेच घरी आलास. पैसे काढायची चिठ्ठी भरून आणली होतीस, नऊ लाखांची. म्हणालास, "आई, इथं सही कर, दुसरीकडे चांगलं व्याज मिळतंय." शेजारच्या खोलीत शिंपीण सुनेच्या कपड्यांची मापं घेत होती. तू बोलता बोलता तिच्या दाराकडे पाहिलंस आणि आवाज खाली केलास. त्या खाली केलेल्या आवाजानं मला सगळं कळलं. मी सही केली नाही. तू चिडलास, चिठ्ठी चुरगळलीस आणि गेलास. तू हे मायेनं केलंस. पण त्या मायेला दाराआडच्या बाईची लाज वाटली.

आता मुली, तू. तू मला सांगितलं नाहीस ते बरोबर केलंस. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मग त्या रविवारी आलीस कशाला? न सांगायचं होतं तर यायचं नव्हतं. तासभर माझ्या तोंडाकडे बघत बसलीस. तू माझ्यासाठी आली नव्हतीस. नंतर तुला बरं वाटावं म्हणून आली होतीस. आणि मी घसरले तेव्हा चार दिवस कळलं नाही म्हणतेस, त्या चार दिवसांत तूही विचारलं नव्हतंस.

तुम्ही दोघं एकमेकांना विचारता, आईला का सांगितलं नाही. माझे नऊ लाख, माझे नऊ लाख. मला कोणी विचारलं का मी काय केलं?

बँक काढली तेव्हा तुमचे बाबा पुरुषांकडे जायचे आणि मी बायकांकडे. घरोघर. शिंपिणीच्या सासूला मी पहिलं पासबुक काढून दिलं. तिला अक्षर येत नव्हतं, मी अंगठा धरून उठवला. "तुमच्या पैशाला मी आहे," असं म्हणायचे. किती जणींना म्हटलं त्याची मोजदाद नाही. म्हणून मला माझे आधी काढता येईनात. तुम्हाला यात काही मोठेपणा दिसेल. थांबा.

२८ तारखेला मला कळलं. शिंपीण शेजारच्या खोलीत होती. मापाची फीत गुंडाळून ती बाहेर आली, पाणी प्यायली, मुलीच्या प्रवेशासाठी जूनमध्ये पैसे काढणार आहे म्हणाली. आणि मी गप्प बसले. मुलाचं नाव जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानावरून गेले, तेव्हाही गप्प. पाच तारखेला रांग लागली तोवर गप्प. मग सहा तारखेला मी रांगेत जाऊन उभी राहिले. पैसे मिळावेत म्हणून नाही. दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी तिला जाऊन सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबले नाहीत. शिवण संपेपर्यंत तिनं शिवलं, मग दोरा तोडला आणि म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? सगळ्यांसमोर सांगा."

तिचं बरोबर आहे. मंगळवारी पाच वाजता शाळेच्या सभागृहात ठेवीदारांची बैठक आहे. मी बोलणार आहे. तुम्ही दोघंही यायचं. जागा धरून ठेवणार नाही.

मी दवाखान्यामागच्या गल्लीत खोली घेतलीय. भाडं माझ्या पेन्शनीतून भागतं. ने-आण करायला कोणी येऊ नये.

आई


१९ नोव्हेंबर

लिहू नकोस म्हणाली होतीस. आठ महिने लिहिलं नाही. आज काम आहे.

बैठकीत तू तिसऱ्या रांगेत होतीस, मी दाराशी. आई बोलली तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही, तूही माझ्याकडे नाही. ती खाली बसली आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. ते मला सहन होईना. म्हणून मी पुढं गेलो आणि रोख्यांचं सांगितलं. मास्तरांनी चप्पल मारली. नेम चुकला, ती बिचाऱ्या रद्दीवाल्याला लागली. पुढचं तुला माहीत आहे. मागच्या दारानं निघालो तर तू तिथं उभी होतीस. म्हणालीस, "घर विक." बस्स. आठ महिन्यांत तू माझ्याशी बोललेले दोनच शब्द.

विकलं. तुझ्या वहिनीच्या माहेरी दोन खोल्यांत राहतो. विम्याचे पैसे लोकांना ऑगस्टात मिळाले. त्यावरचे रुपयाला बत्तीस पैसे सुटतील म्हणतात, कारखान्याची जागा धरून. शिंपिणीच्या मुलीचा प्रवेश यंदा हुकला. ते कशात मोजायचं ते मला ठाऊक नाही, तुला असेल तर सांग.

टेकडीखाली नळाला पाणी आलंय. मी बघून आलो. एका बाईनं कळशी भरून बाजूला ठेवली आणि नळ बंद करायचा विसरली, इतकी बघत राहिली. चार पावलांवर उभा होतो. पुढं झालो नाही.

नगरपालिकेच्या दारात तू फलक लावलायस तोही पाहिला. कुठल्या बँकेत किती पैसे, किती दिवसांसाठी, तारण काय, सगळं दर तीन महिन्यांनी. नगराध्यक्ष म्हणे चिडलेत. माझ्या वेळी तो फलक असता तर ऑक्टोबरातच कोणीतरी माझी मान पकडली असती. हे कौतुक नाही. मी तुला माफ केलेलं नाही. पत्र फाइलला लावायच्या आधी एकदा भावाकडे यायचं होतंस, एकदा, समोर बसून शिव्या द्यायच्या होत्यास. तेही नाही केलंस.

शुक्रवारी अकराला कोर्टात माझी तारीख आहे. आई साक्षीला आहे. माझ्या विरुद्ध. तिनंच नाव दिलं. खटला दुसऱ्या मजल्यावर चालतो, लिफ्ट बंद आहे, आणि ती न्हाणीघरातल्या त्या पडण्यापासून कठड्याला धरूनही नीट चढत नाही. परवा बघायला गेली होती तर निम्म्यात बसली, असं वकील सांगत होता.

मला तिला धरता येत नाही. आरोपीनं साक्षीदाराचा हात धरायचा नसतो. साडेदहाला खाली उभी राहा आणि तिला वर ने. नको म्हणेल. तरी ने.

दादा